शहर तापतं, धूर सावली धरतो

पुण्यात डिसेंबरातल्या पहाटे हडपसरहून पाषाणला दुचाकीवर गेलेल्या माणसाला शहराचं हवामान वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मगरपट्ट्यापाशी स्वेटरची चेन उघडीच असते. कॅम्पातून, स्टेशनवरून जाताना विशेष काही जाणवत नाही. विद्यापीठाचा चौक ओलांडला की थंडी आधी गुडघ्यांना कळते, आणि पाषाण तलाव येईपर्यंत ब्रेकवरची बोटं आखडलेली असतात. नोकरीपायी मी हा रस्ता काही वर्षं तुडवला. मग पेपरातलं किमान तापमानाचं कोष्टक वाचायची सवय लागली. शिवाजीनगर, पाषाण, लोहगाव, मगरपट्टा, चिंचवड. शहर एक, पहाट एक, आणि आकड्यांत कित्येक अंशांचा फरक.

या फरकाचं सगळं श्रेय काँक्रीटला देऊ नये. थंड हवा जड असते, ती रात्री टेकड्यांवरून उतरून सखल, मोकळ्या जागी साचते, आणि पाषाणला तशी जागा आहे. पण मगरपट्ट्याची रात्र थंडच होत नाही, त्याचं कारण तिथं उभ्या असलेल्या इमारतींमध्ये आहे.

ही गोष्ट पहिल्यांदा नीट मोजली ती लंडनमध्ये, ल्यूक हॉवर्ड या माणसानं. धंदा औषधी रसायनं बनवण्याचा, नाद आकाशाचा. ढगांना आज आपण जी नावं वापरतो त्यांची मूळ पद्धत १८०२ साली त्यानंच सुचवली. १८१८पासून त्यानं लंडनच्या हवामानाच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. शहरातली रात्र आजूबाजूच्या खेड्यांपेक्षा सरासरी ३.७ अंश फॅरनहाइटनं, म्हणजे सुमारे दोन अंश सेल्सिअसनं गरम निघाली. हा आकडा सगळीकडे सांगितला जातो. त्याच नोंदींमधला दुसरा आकडा मला जास्त मोलाचा वाटतो: दिवसा मात्र शहर खेड्यापेक्षा किंचित थंड होतं. लंडनवर तेव्हा कोळशाच्या धुराचं छप्परच होतं, हे लक्षात घेतलं की याचा अर्थ लागतो. रात्रीची ऊब शहराची, दिवसाची सावली धुराची. दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या दोन आकड्यांत हा सगळा विषय आला आहे. वाढतं शहर आणि वाढता धूर हे एकाच घरचे असले तरी प्रत्येक वेळी एकाच दिशेनं ओढत नाहीत.

आधी शहराचं बघू. जमिनीवर पडलेल्या उन्हाला दोन वाटा असतात. एक तर ते जमीन आणि हवा तापवतं, नाहीतर पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडतं. माठातलं पाणी गार होतं ते या दुसऱ्या वाटेमुळे. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला विजेच्या साधारण पाऊण युनिटला थोडी कमी एवढी उष्णता लागते. पाणी मिळणारं मोठं झाड दिवसाला शंभरेक लिटर पाणी पानांवाटे सोडू शकतं. म्हणजे पासष्ट-सत्तर युनिट उष्णता, जी एरवी हवा तापवत बसली असती. एक टनाचा एसी एकोणीस-वीस तास चालवला तर तेवढी उष्णता काढून टाकेल, पण काढून टाकेल कुठे? शेजाऱ्याच्या खिडकीत. वर स्वतः खाल्लेल्या विजेची उष्णताही तिथंच ओतेल. झाडानं वाफेत बांधलेली उष्णता मात्र वाऱ्याबरोबर वर जाते आणि ढगात, कुठंतरी दूर, मोकळी होते.

अंगण गेलं, फरशी आली. ओढा गेला, स्लॅब आली. की ही दुसरी वाट बुजली. सगळं ऊन पहिल्या वाटेनं जाऊ लागतं. काँक्रीट आणि डांबर दिवसभर उष्णता पिऊन घेतात आणि रात्री हळूहळू सोडतात. उघडं रान रात्री आपली उष्णता थेट आकाशाकडे फेकतं आणि निवतं. दोन बारा मजली इमारतींमधल्या गल्लीला आकाशाची एक चिंधी दिसते. तिथली भिंत उष्णता सोडते ती समोरच्या भिंतीवर, आणि ती भिंत परत हिच्यावर. रात्रभर हेच चालू.

म्हणून शहर भोवतालच्या रानापेक्षा गरम राहतं, ज्याला शास्त्रज्ञ उष्णतेचं बेट म्हणतात, ते मुख्यतः रात्रीचं प्रकरण आहे. दिवसा तर उलटही होतं. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०१७ साली उपग्रहाच्या नोंदी वापरून भारतीय शहरं तपासली, तेव्हा उन्हाळ्यातल्या दुपारी बरीचशी शहरं भोवतालच्या जमिनीपेक्षा थंड दिसली. यात चमत्कार काही नाही. एप्रिलमध्ये शहराबाहेरचं रान नांगरून उघडं पडलेलं असतं, त्यात ओलावा नसतो, हिरवं पान नसतं. शहरात निदान रस्त्याकडेची झाडं आणि पाणी घातलेल्या बागा असतात. युरोप-अमेरिकेतली शहरं हिरव्या कुरणांच्या मधोमध बसलेली असतात, तिथलं चित्र इथं जसंच्या तसं लागू होत नाही.

आता धूर. धूर म्हणजे एकच एक पदार्थ नव्हे. हवेत तरंगणाऱ्या कणांत गंधकाच्या वायूपासून तयार झालेले पांढुरके क्षार असतात, ते ऊन परत फिरवतात. डिझेलची, चुलीची, कचरा जाळल्याची काजळी असते, ती ऊन गिळते. रस्त्याची आणि बांधकामाची धूळ असते. १९९९ साली मालदीवमध्ये तळ ठोकून भारतीय आणि परदेशी शास्त्रज्ञांनी हिंदी महासागरावरच्या हवेची मोठी मोहीम केली. व्ही. रामनाथन तिच्या प्रमुखांपैकी एक होते. आपल्या उपखंडावरून हिवाळ्यात समुद्रावर पसरणारं तपकिरी धुरकं तेव्हा जगाला ठळकपणे कळलं. त्या धुरक्याखाली जमिनीवर आणि समुद्रावर पोचणारं ऊन लक्षणीय घटत होतं. जमीन सावलीत आणि वर काजळीचा थर मात्र तापलेला, असा तो प्रकार.

तो तापलेला थर महत्त्वाचा आहे. हवा वर चढते ती खाली गरम आणि वर थंड असेल तर. खालचं ऊन कमी करून वरचा थर तापवला, की हवेला उठायला जोर उरत नाही. शहरावरच्या हवेची एक खोली समजा. धूर या खोलीत मिसळतो, तिच्या छताच्या वर सहसा जात नाही. उन्हाळ्याच्या दुपारी हे छत दोन किलोमीटर, कधी त्याहून वर असतं. हिवाळ्यातल्या रात्री जमीन निवते, तिला टेकलेली हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते, आणि छत शे-दोनशे मीटरवर उतरतं. गाड्या तेवढ्याच, चुली तेवढ्याच, आणि खोली मात्र दहावा हिस्सा. जानेवारीत सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या घशात जे येतं, ते हे.

आणि इथं दोघं भांडतात. शहराची साठवलेली ऊब रात्री हवा खालून ढवळत ठेवते, छत थोडं वर ढकलते, त्यामुळे धुराला जरा जागा मिळते. काजळी दिवसा वर गरम आणि खाली सावली करून तेच छत खाली दाबते. छत खाली आलं की धूर दाटतो, धूर दाटला की छत आणखी दबतं. रात्री हा थर जमिनीची थोडी उष्णता अडवूनही ठेवतो. त्याला रजई म्हणणं अति होईल; फार तर चादर.

मुंबईत या भांडणात तिसरा पक्ष असतो, समुद्र. शाळेच्या भूगोलात पाठ केलेले खारे वारे आणि मतलई वारे आठवा. दुपारी जमीन तापते आणि समुद्रावरून खारे वारे आत येतात, रात्री जमीन निवते आणि मतलई वारे बाहेर जातात. मुंबईची सफाई मुख्यतः हे वारे करतात. दिल्लीपेक्षा आपली हवा बरी, असा जो तोरा मुंबईकर मिरवत आले, तो खरं तर समुद्राच्या जिवावर. २०२२-२३च्या हिवाळ्यात वारे मंदावले, खारे वारे उशिरा आणि अशक्त येऊ लागले, आणि शहराची हवा प्रदूषणाच्या मोजपट्टीवर अनेक दिवस ‘वाईट’च्याही पलीकडे गेली. मतलई वाऱ्यांनी रात्री समुद्रावर नेलेला धूर दुपारी खाऱ्या वाऱ्यांबरोबर परत येऊ शकतो, तेव्हा सफाई म्हणजे नुसती फेरी होते. वाढतं शहर यात दोन्हीकडून हात घालतं. तापलेली जमीन खाऱ्या वाऱ्यांना जास्त जोरानं ओढते, आणि किनाऱ्यालगतचे मनोरे त्यांना अडवतात, घासून मंद करतात.

इथपर्यंतचं समजायला सोपं आहे. पाऊस आला की गुंतागुंत वाढते.

ढगातला थेंब आपोआप तयार होत नाही, वाफेला जमायला एखादा कण लागतो. समुद्रावरच्या स्वच्छ हवेत एका घनसेंटिमीटरमध्ये असे कामाचे कण शंभरेक असतात, शहरी धुराच्या हवेत हजार आणि वर. वाफ मात्र तेवढीच. स्वयंपाक शंभर पानांचा आणि पंगतीला हजार माणसं, अशी अवस्था. प्रत्येकाच्या पानात थोडंथोडंच पडतं. थेंब पुष्कळ होतात, पण सगळे बारीक. असा ढग जास्त पांढरा दिसतो आणि ऊन जास्त परतवतो, हे शॉन टूमी यांनी १९७०च्या दशकात मांडलं.

बारीक थेंबांची दुसरी अडचण म्हणजे ते पडत नाहीत. पावसाचा एक साधा थेंब बनायला ढगातले सुमारे दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात. मोठे थेंब वेगानं खाली येताना वाटेतल्या लहानांना गिळत मोठे होतात. सगळेच सारखे बारीक असले तर कोण कुणाला गिळणार? ते हवेबरोबर तरंगत राहतात. डॅनियल रोझेनफेल्ड यांनी २००० साली उपग्रहाच्या चित्रांतून दाखवलं, की कारखाने आणि शहरं यांच्या धुराच्या पट्ट्यात आलेले ढग पाऊस देईनासे होतात. म्हणजे धूर पाऊस अडवतो.

पण गोष्ट इथं संपत नाही. ढग उथळ असेल तर तो तसाच विरून जातो. खाली तापलेलं शहर असेल, दमट हवा असेल आणि ढगाला वर जायला जोर असेल, तर न पडलेलं ते पाणी वर वर चढतं आणि गोठणाच्या पातळीच्याही वर जातं. तिथं ते गोठतं आणि गोठताना उष्णता सोडतं. ढगाला नवा जोर मिळतो, तो आणखी उंच जातो, वरच्या बर्फाच्या कणांच्या घासाघाशीतून वीज तयार होते. आणि मग जे खाली येतं ते एकदम येतं. रिमझिम गेली, धो-धो आला. ढगाला वर चढवतं शहर, पाणी राखून ठेवतो धूर. एरवी भांडणारे दोघं इथं हातमिळवणी करतात.

यात शहराचा वाटा किती आणि धुराचा किती, हे वेगळं कसं काढायचं? शहर तिथं धूर असतोच. मला आवडलेलं उत्तर समुद्रावर सापडलं. श्रीलंकेच्या दक्षिणेकडून मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे जाणारा जहाजांचा मार्ग जगातल्या सर्वांत गजबजलेल्या मार्गांपैकी एक. तिथं ना इमारती, ना डांबर. आहे तो फक्त धुरांड्यांचा धूर, सरळ रेघेत. २०१७ साली संशोधकांनी विजांच्या नोंदी नकाशावर मांडल्या तेव्हा त्या रेघेवर शेजारच्या समुद्राच्या जवळजवळ दुप्पट विजा दिसल्या. पुढे २०२० साली जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आणली गेली, आणि त्या रेघेवरच्या विजा घटल्या. प्रयोगशाळेतही इतका नेटका प्रयोग जमला नसता.

दुसरा पुरावा कॅलेंडरचा. सोमवार-रविवार निसर्गाला ठाऊक नाहीत, ते फक्त माणसाला ठाऊक आहेत. तरीही अमेरिकेच्या आग्नेय भागात उन्हाळ्यातला पाऊस आठवड्याच्या मधल्या दिवसांत जास्त आणि शनिवार-रविवारी कमी, असं २००८ साली दाखवलं गेलं. कामाच्या दिवसांत वाहनं आणि कारखाने जास्त. नंतर संगणकावर ह्यूस्टन शहरासाठी एक ‘काय झालं असतं’ असा हिशेब मांडला गेला: शहर काढून टाकलं तर, धूर काढून टाकला तर, दोन्ही काढले तर. ह्यूस्टनही किनाऱ्याजवळचं दमट शहर, खाऱ्या वाऱ्यांचं. शहराच्या उष्णतेनं हे वारे बळावले, पाऊस लवकर सुरू झाला आणि ढग जास्त वेळ टिकला. ढग उंच गेल्यावर धुरानं त्याचा जोर वाढवला. दोघं मिळून पाऊस सर्वांत जोराचा.

या ‘जोर वाढवण्या’वर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही, हेही सांगायला हवं. धूर फार दाट झाला तर उलटंच होतं. सावलीमुळे जमीन तापत नाही, ढग उठतच नाही. थोडा धूर ढगाला चेतवतो, फार धूर त्याला विझवतो. चुलीत लाकडं घालताना हे आपल्या आज्यांना कळत होतं.

महाराष्ट्राला याचं घरचं महत्त्व आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं २००९पासून विमानं उडवून ढगांतले थेंब आणि कण मोजले. ढग जिथं आपण होऊन खिडकीतून आत येतात त्या महाबळेश्वरला २०१२ साली ढगांची प्रयोगशाळा उभी केली. सह्याद्रीचा पश्चिम उतार स्वच्छ समुद्री हवेचा, आणि पूर्वेकडचा देश धुळीचा, धुराचा, अवर्षणाचा. घाटमाथ्यावरचा ढग आणि सोलापूरवरचा ढग दिसायला सारखे असले तरी आतून वेगळे असतात.

मात्र प्रत्येक ढगफुटीचं खापर शहरावर फोडण्याची जी नवी खोड लागली आहे, ती बरी नव्हे. २६ जुलै २००५चं उदाहरण सगळे देतात. त्या दिवसाच्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि कुलाब्याला जेमतेम ७३. शहर तेच, धूर तोच, अंतर वीस-पंचवीस किलोमीटरचं. एवढा पाऊस पाडणारी वाफ अरबी समुद्रावरून आली होती आणि तिला मोसमी वाऱ्यांच्या मोठ्या रचनेची साथ होती. मुंबईच्या इमारतींनी ती जमवलेली नव्हती. शहरानं नक्की केलं ते खाली: मिठी नदी आवळली, खारफुटीवर भराव टाकला, पाण्याच्या वाटा बुजवल्या. पाऊस कशानं पडला आणि पाणी कशानं तुंबलं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. भारतातल्या नोंदींवरून शहरी भागांत जोरदार पावसाचे प्रसंग वाढल्याचं २०१० सालच्या एका अभ्यासात दिसलं, पण हा कल झाला. एखाद्या दिवसाचा निकाल त्यावरून देता येत नाही.

दिल्लीचं एक चित्र मात्र विसरता येत नाही. हिवाळ्यात पंजाबपासून बिहारपर्यंत गंगेचं सगळं मैदान धुक्याखाली झाकलेलं असतं, वरून पांढरी गोधडी पसरल्यासारखं. मनोज सिंग आणि रितेश गौतम यांनी २०१८ साली उपग्रहाच्या चित्रांतून दाखवलं, की त्या गोधडीला मधेच एक भोक पडलेलं असतं, आणि भोकाखाली दिल्ली असते. मैदानावरचं धुकं दाट होतं ते कणांमुळे, आणि दिल्लीत विरतं ते शहराच्या उष्णतेमुळे. पाण्याचे थेंब सुकतात, कण मागे राहतात. धुकं जातं आणि धुरकं उरतं.

धूर कमी केला की काय होईल, हा प्रश्न म्हणूनच वाटतो तितका सरळ नाही. हवा स्वच्छ व्हायलाच हवी, फुप्फुसांपुढे हवामानाचा युक्तिवाद चालत नाही. पण पांढुरक्या कणांची सावली हटली की दुपारचं ऊन थेट स्लॅबवर पडेल. काजळी हटली तर मात्र दुहेरी फायदा: फुप्फुसांना आराम, आणि ती सावली देत असली तरी हवाही तापवते, ते तापवणंही थांबेल. म्हणून कोणता धूर आधी कमी केला यानं फरक पडतो. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबई महापालिकेनं सत्तर मीटरपेक्षा उंच बांधकामांभोवती ३५ फूट उंच पत्रे लावायचा नियम काढला. पत्र्यानं जाड धूळ अडते, जनरेटरची बारीक काजळी त्याच्यावरून सहज निघून जाते.

शिवाय दोघांचं आयुष्य वेगळं. धुराचा कण हवेत फार तर आठवडाभर टिकतो, एखादी सर आली की त्याआधीच धुऊन निघतो. इमारत पन्नास-साठ वर्षं उभी असते. मार्च २०२०ची टाळेबंदी लागली तेव्हा काही दिवसांत आकाश निळं झालं, जालंधरच्या गच्च्यांवरून लोकांना धौलाधारची बर्फाची शिखरं दिसू लागली. माझ्या खिडकीतूनही सिंहगडाचा मनोरा काडीसारखा स्पष्ट दिसायचा. त्या एप्रिलमध्ये रात्री अकराला झोपायच्या खोलीच्या पश्चिमेच्या भिंतीला हात लावून बघायची मला सवय लागली होती. रस्त्यावर एक गाडी नव्हती, आणि भिंत कोमटच होती.